जुन्या हॉट रॉडला रिमोल्ड स्लिक: रबर नवं, पण आतलं केसिंग?

वाचकांचं पत्र, थोडक्यात:

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका वाचकांनी निवृत्तीच्या तोंडावर १९३२ची फोर्ड रोडस्टर घेतली आहे, हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी. मडगार्ड काढलेली, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, १९३९चा गिअरबॉक्स, मागे फोर्डचाच जुना बँजो अ‍ॅक्सल. ब्रेक मात्र नंतर बसवलेले हायड्रॉलिक. गाडी १९५०च्या दशकात एका तरुणाने घरच्या गॅरेजमध्ये बांधली होती. तिच्यासोबत मिळालेल्या जुन्या फोटोंत मागच्या चाकांवर सपाट, बिनखाचांचे स्लिक दिसतात आणि ते रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले, होते असं विकणाऱ्याने सांगितलं. आता ओळखीतले एक ज्येष्ठ गृहस्थ तशीच जोडी द्यायला तयार आहेत: जुन्या केसिंगवर, म्हणजे टायरच्या मूळ सांगाड्यावर, नवं रबर चढवलेली, न वापरलेली, सोळा इंची, नव्या रिप्रॉडक्शन टायरच्या निम्म्याहून कमी किमतीत. वाचकांचा जीव त्या जोडीत अडकला आहे. पत्नी म्हणतात, "गोटा टायरच्या गाडीत मी बसणार नाही, रिमोल्डच्या तर मुळीच नाही." मित्र म्हणतो, नवे टायर लावलेस तर गाडीचं सोंग होईल. पुढच्या चाकांवर सध्या रेडियल आहेत. रविवारी सकाळी फिरायचं, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जायचं आणि वर्षातून एखाद-दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, पळवायची, असा बेत आहे. प्रश्न तीन: रिमोल्ड सुरक्षित असतात का? रस्त्यावर चालतात का? आणि नवे घेतले तर गाडीशी बेइमानी होईल का?

उत्तर:

तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत दोन वेगळ्या भीती बांधल्या आहेत. टायर रिमोल्ड आहे ही एक, आणि तो स्लिक आहे ही दुसरी. दोन्हींचे धोके वेगळे, उपाय वेगळे. एकत्र धरलं की घरात भांडण होतं आणि निर्णय होत नाही. म्हणून आधी त्यांना सोडवू.

रिमोल्ड म्हणजे हलका माल, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवा. प्रवासी विमानांचे टायर पुन्हा पुन्हा रबर चढवून वापरले जातात. लांब पल्ल्याचे ट्रक तर त्यावरच धावतात. हायवेच्या कडेला पडलेल्या रबराच्या पट्ट्या पाहून "हे बघा रिमोल्ड" असं सगळेच म्हणतात. पण अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यासाठी मिशिगन विद्यापीठाने ट्रकच्या टायरांचे असे तुकडे गोळा करून तपासले होते. २००८मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार तुकड्यांतलं रिमोल्डचं प्रमाण, रस्त्यावर धावणाऱ्या एकूण टायरांत त्यांचं जेवढं प्रमाण आहे साधारण तेवढंच होतं. त्याचबरोबर हेही खरं, की अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला संघीय नियमांनी बंदी आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी रिमोल्डला सरसकट वाईट ठरवलेलं नाही. टायर फुटला तर सर्वांत जास्त नुकसान कुठे होईल ते पाहून तेवढी जागा वगळली आहे. तुम्हीही तसाच विचार करायला हवा.

मात्र विमानाचं किंवा ट्रकचं उदाहरण तुमच्या जोडीला जसंच्या तसं लागू होत नाही. विमान कंपनीला प्रत्येक केसिंगचा इतिहास ठाऊक असतो: कधी बनलं, किती वेळा उतरलं, हवा कधी कमी होती. मोठ्या ट्रक कंपन्या स्वतःचीच केसिंग रिमोल्डला पाठवतात आणि स्वतःचीच परत घेतात. तुमच्या सोळा इंची जोडीच्या पोटात कुणाचं केसिंग आहे, ते कुठे आणि किती वर्षं पडून होतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. रबर नवं आहे एवढंच तुम्ही तीन वेळा लिहिलं आहे.

सगळी गोम तिथेच आहे. टायरमध्ये ओझं रबर पेलत नाही. ओझं पेलतात आतले दोऱ्यांचे थर, आणि त्यांना ताणून धरणारी हवा. वरचं रबर रस्त्याला घासण्यासाठी असतं. रिमोल्ड करताना जुन्या टायरची घासलेली वरची कातडी यंत्रावर खरवडून काढतात, उघड्या पृष्ठभागावर चिकट रबराचा थर देतात, त्यावर कच्च्या रबराची जाड पट्टी चढवतात आणि साच्यात घालून उष्णतेने, दाबाने पक्कं करतात. काम नीट झालं असेल तर नवं रबर जुन्यापासून सहज सुटत नाही. पण त्या भट्टीत आतले दोरे तरुण होत नाहीत. ते जेवढे म्हातारे होते तेवढेच राहतात, वर आणखी एकदा भाजून निघतात.

युद्धापूर्वीच्या टायरांत कापसाचे दोरे असत, मग रेयॉन आलं, युद्धानंतर नायलॉन. ओलीने रेयॉन कमजोर होतं आणि कापूस कुजतो. कधीकाळी बाजूला एखादा चिरा पडून आत पाणी गेलं असेल, तर बाहेरून चकचकीत दिसणारा टायर आतून कुजलेला असू शकतो. आणि वापर झाला नाही म्हणजे वय वाढलं नाही, असं रबराच्या बाबतीत होत नाही. ओझोन, ऊन आणि हवेतला ऑक्सिजन गॅरेजमध्येही आपलं काम करत असतात. म्हणून तर कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात आणि बरेचसे टायर उत्पादक दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात, मग खाचा कितीही खोल असोत.

इथे बाजूवरच्या क्रमांकाने फसायला होतं. रिमोल्ड करणाऱ्यानेही आपला क्रमांक उमटवायचा असतो आणि त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात. पण ते रबर चढवल्याचं वर्ष आहे. केसिंगचं वर्ष वेगळं, आणि अनेकदा खरवडण्यात किंवा रंगकामात ते दिसेनासं झालेलं असतं. नवी तारीख बघून निर्धास्त होणारे लोक मी बरेच पाहते. २०००पूर्वी हा आकडा तीनच अंकी असे, त्यामुळे केसिंगवर तीन अंकी आकडा सापडला तर पुढची चौकशी करायचीही गरज नाही. ते टायर भिंतीवर टांगा.

वेगाचा हिशोबही मांडून ठेवू, कारण "मी कुठे शर्यत लावणार आहे" असं तुम्ही लिहिलंय. फिरत्या चाकावरचं रबर सतत बाहेर फेकलं जायला बघतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३५ मैलांवर जेवढी असते, ७०वर तिच्या चौपट. साधारण २८ इंच व्यासाच्या टायरवर ७० मैलांच्या वेगात एक औंस रबराचा तुकडा सतरा-अठरा पौंडांच्या जोराने बाहेर ओढला जातो. स्लिकवर तर हे रबर जाड, रुंद आणि सलग असतं. मऊ असल्याने ते तापतंही लवकर. ड्रॅग स्ट्रिपवरचा पाव मैल काही सेकंदांत संपतो. टायर गरम होऊन भानगड व्हायच्या आत तुम्ही ब्रेक लावलेला असतो. रविवारी फ्रीवेवर अर्धा तास ६५ने जाणं ही त्या टायरची जास्त कठीण परीक्षा आहे. लोक नेमकं उलट समजतात.

आता स्लिककडे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर खाचा नसलेला टायर खाचांच्या टायरपेक्षा जास्त धरतो, कारण जास्त रबर जमिनीला टेकतं. यात जादू काही नाही. पाणी आलं की हेच सगळं उलटतं. पाण्याला बाजूला जायला वाट नसली की ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक तरंगायला लागतं. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवरून यासाठी एक सोपं सूत्र दिलं: हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १०.३५ने गुणा, ताशी मैलांत वेग मिळतो. २४ पीएसआयला उत्तर येतं जेमतेम ५१ मैल. २० पीएसआयला ४६. हे रस्त्यावर पुरेसं पाणी साचलेलं असतानाचं आहे, आणि खाचांच्या टायरला पाण्याचा थर बराच जाड लागतो. गुळगुळीत टायरला मात्र पातळ थरही पुरतो. त्यातून रुंद टायर, मागे हलकं वजन आणि पायाखाली व्ही-८. तुमच्याकडे पाऊस कमी पडतो हे मान्य. पण कोरड्या महिन्यांत रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, आणि त्या सकाळी कॅलिफोर्नियातले चांगले खाचांचे टायरसुद्धा घसरतात.

कायद्याबद्दल तुम्ही एका वाक्यात विचारलं आहे, उत्तर एका वाक्यात बसत नाही. प्रवासी मोटारींच्या रिमोल्ड टायरांसाठी अमेरिकेत एक संघीय मानक आहे, क्रमांक ११७. त्यानुसार ज्या केसिंगवर मुळात 'डीओटी' ही अमेरिकी वाहतूक खात्याची खूण, आकार आणि थरांची संख्या साच्यातच उमटलेली आहे तेच रिमोल्ड करता येतं, आणि तयार टायरवर झीज दाखवणाऱ्या उंचवट्याच्या खुणा असाव्या लागतात. पूर्ण सपाट स्लिकवर त्या कुठून येणार? गंमत म्हणजे हे मानक १९४८नंतर बनलेल्या गाड्यांच्या टायरांसाठी आहे. तुमची फोर्ड त्या फटीतून बाहेर पडते, असं तुमचा मित्र सांगेलच. पण ते टायर विकण्याबद्दलचं मानक झालं. रस्त्यावर चालवण्याचा नियम राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात प्रवासी गाडीच्या टायरला शेजारच्या दोन खाचांत कुठेही किमान १/३२ इंच खोली लागते. बऱ्याच राज्यांत २/३२. "खाचाच नाहीत तर मोजणार काय?" हा युक्तिवाद रस्त्याच्या कडेला पोलिसासमोर करून पाहू नये. आणि बाजूवर 'केवळ स्पर्धेसाठी' किंवा 'रस्त्यासाठी नाही' असं छापलेलं असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी त्या ओळीचा फोटो काढेल. ज्या राज्यात गाडी नोंदलेली आहे तिथला नियम वाचा, आणि विमा कंपनीला टायरचा नेमका प्रकार लिहून विचारा. उत्तरही लेखी घ्या.

आता तुमच्या मित्राचं 'सोंग'. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण इथे इतिहास तुमच्या दोघांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे.

१९४२च्या जानेवारीत अमेरिकेत टायरांचं रेशनिंग सुरू झालं. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात जात होते आणि अमेरिकेचं बहुतेक नैसर्गिक रबर तिथून येत असे. नवे टायर मिळेनात, म्हणून जुन्यांवर रबर चढवणं हा युद्धकाळातला मोठा धंदा झाला. युद्ध संपलं, साचे आणि कारागीर राहिले. मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणारी मुलं परत आली. १९५०मध्ये सँटा ॲनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना स्थापन झाली. तळ्यावर लांब धाव घेऊन वेग गाठायचा असतो, तिथे मागच्या चाकाच्या पकडीची एवढी चणचण भासत नव्हती. जागच्या जागी उभं राहून पाव मैल मारायचा म्हटल्यावर मात्र पकड हेच सर्वस्व झालं. त्यासाठी खास टायर कुणी बनवत नव्हतं. मग मुलं गेली रिमोल्डवाल्याकडे: खाचांचा साचा नको, सपाट काढून दे, रबर मऊ घाल. स्लिक असा जन्माला आला.

आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एम अँड एचसारख्या लहान कंपनीने १९५०च्या दशकात मुद्दाम ड्रॅगसाठी टायर बनवायला घेतले, तेव्हा त्या मुलांनी काय केलं? ज्यांना परवडलं ते लगेच तिकडे गेले. पुढे मोठ्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या. रिमोल्ड त्या काळाची निष्ठा नव्हती, अडचण होती. तुमची गाडी ज्याने बांधली त्याला आजचा बरा टायर दाखवला असता, तर त्याने "हे काळाला धरून नाही" असं म्हटलं असतं असं मला वाटत नाही. त्याने किंमत विचारली असती.

त्या फोटोंकडे पुन्हा एकदा नीट बघा. गाडीच्या दारावर किंवा काचेवर पांढऱ्या रंगाने आकडे रंगवलेत का? मागे लोकांची रांग, सपाट पट्टा दिसतो का? तसं असेल तर ते फोटो शर्यतीच्या दिवशीचे आहेत. घरी परततानाही तेच टायर होते का, हे फोटो सांगत नाही. स्लिकची जोडी मागच्या सीटवर किंवा ट्रेलरवर टाकून न्यायची, धावपट्टीशेजारी चाकं बदलायची आणि संध्याकाळी पुन्हा रस्त्याचे टायर लावून परत यायचं, ही त्या काळातली सर्रास रीत होती. ज्यांना चाकं बदलायचा कंटाळा होता किंवा दुसरी जोडी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी 'चीटर स्लिक' निघाले: सपाट टायरवर दोन-चार उथळ रेघा, पोलिसाला दाखवण्यापुरत्या. म्हणजे रस्त्यावर खाचांचे टायर ठेवणं हा तुमच्या गाडीच्या परंपरेचाच भाग आहे.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या गाडीचा तपशील वाचून मला त्याचीच काळजी जास्त वाटली. बँजो अ‍ॅक्सल आणि १९३९चा गिअरबॉक्स. १९३२चं फ्लॅटहेड इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा ६५ अश्वशक्तीचं होतं आणि बँजो अ‍ॅक्सल त्याच सुमाराच्या ताकदीसाठी घडवलेला. त्याच्या अ‍ॅक्सल शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब एका लहानशा चावीने, म्हणजे लोखंडी पाचरीने, त्यावर पकडलेलं असतं. तुमचं इंजिन आता त्याहून बरंच तगडं असणार. साध्या टायरवर क्लच झटक्यात सोडला की चाकं फिरतात, धूर होतो, गाडी थोडी हलते. ते फिरणं हा तुमच्या गाडीचा फ्यूज आहे. मऊ स्लिक लावला की तो फ्यूज काढून टाकलात. मग झटका जातो पुढे: चावी, निमुळतं टोक, गिअरचे दात. स्ट्रिपवर क्लच सोडल्यावर आलेला 'टक्' असा आवाज आणि जागची न हलणारी गाडी, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणालाही विचारा. टायरवर वाचवलेले पैसे एका गिअरबॉक्समध्ये जातात, आणि १९३९चे चांगले गिअर काही रोज मिळत नाहीत. ज्या वाचकांच्या गाडीखाली फोर्डचा १९५७पासूनचा नऊ इंची अ‍ॅक्सल आहे त्यांना ही चिंता बरीच कमी. तुम्हाला आहे.

दुसरी न विचारलेली गोष्ट: पुढे रेडियल, मागे बायस-प्लाय. हे जुने स्लिक आणि त्यांच्या बहुतेक प्रतिकृती बायस-प्लाय असतात, म्हणजे आतले दोरे तिरके, एकमेकांना छेदणारे. रेडियलचे दोरे आडवे. वळणावर रेडियल लवकर आणि घट्ट धरतो, बायस-प्लाय थोडा वाकून, उशिरा. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय म्हणजे पुढचं नाक वळणात शिरतं आणि मागची बाजू बाहेर पळू बघते. ओल्या रस्त्यावर तर गाडी गिरकीच घेईल. मिसळायचेच असतील तर रेडियल मागे हवेत, पण स्लिकचा विषय निघाल्यावर ते शक्य नाही. तेव्हा मागे काहीही लावलंत तरी पुढची जोडी बायस-प्लाय घ्या. त्याने गाडी रस्त्यावरच्या रेघांमागे थोडी भटकेल आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिला मैल टायर ठोके देतील. थोड्या अंतराने ते थांबतं. याची सवय होते.

मग करायचं काय? माझं मत सांगते.

रस्त्यासाठी नवे, डीओटी खूण असलेले बायस-प्लाय टायर घ्या. जुन्या साच्यांच्या धर्तीवरचे, खांद्यावर चुण्या असलेले चीटर स्लिकही नवे बनतात आणि चार पावलांवरून ते रिमोल्डपेक्षा वेगळे ओळखू येत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांवरच्या उथळ रेघा कायद्यापुरत्या आहेत, पावसापुरत्या नाहीत. तुमच्या पत्नी सोबत येणार असतील तर मी चीटरही सुचवणार नाही. सोळा इंची, उभट, पूर्ण खाचांचे टायर याच गाडीवर तितकेच शोभतात, आणि १९५०च्या दशकातल्या रस्त्यावरच्या किती तरी रोडस्टर तशाच होत्या. पैसे जास्त जातील. यावर दुसरा इलाज नाही, चर्चाही नको.

त्याच मापाच्या जुन्या रिमची आणखी एक जोडी मिळवा. रिमोल्ड स्लिक घ्यायचेच असतील तर ते त्या जोडीवर चढवा. मेळाव्याच्या मैदानावर लावा, फोटो काढा. स्ट्रिपवर लावायचे की नाही हे मात्र पुढच्या तपासावर ठरवा, आणि स्ट्रिपच्या तांत्रिक तपासनीसांना आधी फोन करून रिमोल्ड चालतात का ते विचारा. तिथे पोहोचून नाही म्हटलं तर दिवस गेला.

तपास असा. त्या गृहस्थांना विचारा: केसिंग कोणत्या साली बनलं, किती थरांचं, दोरा कशाचा, रबर कुणी आणि कधी चढवलं, चढवण्याआधी केसिंग कसं तपासलं. चांगला रिमोल्डवाला नुसत्या नजरेवर जात नाही. खिळ्याची भोकं शोधायला विजेची चाचणी असते, हवा भरून दाबाची चाचणी असते, आणि आतले सुटलेले थर दाखवणारी लेझरची तपासणीही बऱ्याच कारखान्यांत असते. दोन्ही टायरची केसिंग एकाच कंपनीची, एकाच मापाची आहेत का ते बघा. मागच्या एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या स्वभावाचे टायर नकोत. मग रिमवर चढवण्याआधी आत बॅटरी मारून हात फिरवा. ठिगळं, सुरकुती पडलेला थर, काठाच्या तारेजवळची फाट, उघडा दोरा, यातलं एकही दिसलं तर प्रश्न मिटला. बाहेर नवं आणि जुनं रबर जिथे मिळतं ती खांद्याजवळची रेघ बोटाने चाचपा. नख शिरलं नाही पाहिजे.

चढवल्यावर चाक हाताने फिरवून बघा, वर-खाली होतंय का. बॅलन्स करताना एका जागी मूठभर शिसं लावावं लागलं, तर रबर एकसारखं चढलेलं नाही. तारेची चाकं असतील तर आत ट्यूब लागेलच, जुन्या रिवेट मारलेल्या रिमलाही ट्यूबच बरी. पण मूळ ट्यूबलेस केसिंगच्या आतला कागदी लेबलाचा तुकडा किंवा खरखरीत रेघ तशीच राहिली तर ती ट्यूबला घासून भोक पाडते, ती आधी साफ करून घ्या. पहिल्या धावेनंतर टायरवर सगळीकडून तळहात ठेवा. सगळीकडे सारखं गरम असेल तर ठीक. एखादीच जागा जास्त तापलेली असेल तर तिथे आतले थर एकमेकांपासून सुटायला लागले आहेत. तो टायर परत लावायचा नाही, फुगा यायची वाट बघत बसायचं नाही.

इतर वाचकांपैकी ज्यांची गाडी फक्त ट्रेलरवरून स्ट्रिपवर जाते, अ‍ॅक्सल दणकट आहे आणि केसिंगचा इतिहास हाताशी आहे, त्यांच्यासाठी रिमोल्ड स्लिक हा वाजवी सौदा आहे. मऊ रबर लवकर संपतं, आणि चांगलं केसिंग असेल तर पुन्हा चढवताही येतं. दर वेळी नवी जोडी फेकण्यापेक्षा हे स्वस्त आणि कमी कचऱ्याचं. ज्यांची गाडी रोजच्या रस्त्यावर आहे त्यांना माझं उत्तर नाही असंच राहील, केसिंग कितीही चांगलं असलं तरी. तिथे अडचण रिमोल्डची नाही, गुळगुळीतपणाची आहे.

पत्नीला उत्तर द्यायचं असेल तर हेच द्या. त्यांची गोटा टायरबद्दलची हरकत शंभर टक्के बरोबर आहे. रिमोल्डबद्दलची अर्धी बरोबर आहे, आणि उरलेली अर्धी त्या गृहस्थांच्या उत्तरांवर अवलंबून. मित्राला मात्र फार समजावत बसू नका. बिनमडगार्डच्या गाडीतून मऊ स्लिकने उचललेले खडे मागच्या गाडीच्या काचेवर जातात. एकदा त्याला आपली नवी गाडी घेऊन तुमच्या मागे यायला सांगा.

राहता राहिले ते ज्येष्ठ गृहस्थ. ते तुम्हाला फसवताहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या तरुणपणी असे टायर लावूनच ते फिरले असतील. केसिंगचं साल विचारलंत तर त्यांना राग येईल या भीतीने तुम्ही विचारलेलं नाही, हे पत्रावरून दिसतं. त्यांना सरळ सांगा, की स्ट्रिपवर लावायचा विचार आहे आणि तिथला तपासनीस हे विचारणारच, म्हणून आधी लिहून ठेवतोय. उत्तर मिळालं आणि केसिंग दहा वर्षांच्या आतलं निघालं, तर तपास करून दुसऱ्या जोडीच्या रिमवर घ्या. साल माहीत नाही म्हणाले, तर फक्त प्रदर्शनासाठी म्हणून किंमत पाडून मागा, आणि घेतल्यावर आतल्या बाजूला रंगाने ठळक लिहून ठेवा की हे रस्त्यासाठी नाहीत. तुमच्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला ते कळायला दुसरी सोय नाही.